उत्तर आधी, कविता नंतर



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. नैयायिकांचं म्हणणं असं, की आप्ताचं वाक्य प्रमाण मानावं. आप्त कोण? तर ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो. शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता: हा आप्त ओळखायचा कसा, आणि ओळखायला मुलांना शिकवायचं कुठे? वेळ संपत आली होती, आम्ही काहीतरी थातुरमातुर बोलून सुटका करून घेतली. ते मनाला लागून राहिलं. म्हणून आजचा तास त्या प्रश्नालाच दिला आहे.

शिकवायची जागा म्हणजे भाषेचा वर्ग, हे उघड आहे. गणितात उत्तराचा पडताळा गणितच देतं. भाषेच्या वर्गात मात्र दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का, आणि किती, याचा अभ्यास होऊ शकतो. 'होऊ शकतो' असं म्हटलं. होतोच असं नाही. तो का होत नाही हे बघायला आज आपण दक्षिण कोरियात जाऊ. तिथला हायस्कुलातला विद्यार्थी एकाच दिवशी दोन भाषावर्गांत बसतो. एक कोरियन साहित्याचा, दुसरा इंग्रजीचा. या दोन वर्गांकडे आपल्याला चिकित्सकपणे बघायचं आहे.

कोरियाच का, असं तुम्ही विचाराल. कारण तिथे नेहमीच्या सबबी चालत नाहीत. शाळा नाहीत, पुस्तकं नाहीत, मुलं गळतात, असं काही तिथे म्हणता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्या २०१८च्या फेरीत वाचनात कोरियाला ५१४ गुण होते; ओईसीडी देशांची सरासरी होती ४८७. म्हणजे मुलं उत्तम वाचतात. पण त्याच चाचणीत मजकुरातलं विधान तथ्य आहे की मत, हे ओळखायचाही भाग होता. तिथे ओईसीडी देशांतल्या जवळपास निम्म्या मुलांना बरोबर उत्तर देता आलं, आणि कोरियात साधारण चौघांतल्या एकाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ज्याला वाचता येत नाही त्याची फसवणूक होते, हे आपण समजू शकतो. इथे उत्तम वाचणाराच बोलणाऱ्याची जात ओळखायला चुकतो. मग त्याला वाचायला शिकवलं म्हणजे नेमकं काय शिकवलं?

आता एक संज्ञा. 'चिकित्सक साक्षरता' हा शब्द आपण वापरणार आहोत. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन ल्यूक आणि पीटर फ्रीबॉडी या दोघा अभ्यासकांनी १९९०मध्ये वाचकाच्या चार भूमिका सांगितल्या. अक्षरं उलगडणारा, अर्थ लावणारा, मजकूर कामी आणणारा, आणि चौथा, मजकूर तपासणारा. चौथा विचारतो: हे कोण बोलतंय, कुणाला उद्देशून बोलतंय, कुणाला वगळून बोलतंय, आणि मी हे मानलं तर फायदा कुणाचा? या चार पायऱ्या नव्हेत, हे लक्षात ठेवा. चारही भूमिका एका वेळी चालू असतात. आपल्या भाषेत 'टीका' हा शब्द भाष्यालाही चालतो आणि दोष दाखवण्यालाही चालतो. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली म्हणजे त्यांनी गीतेला नावं ठेवली नाहीत. समजून घेणं आणि तपासणं ही एकाच शब्दात नांदणारी कामं आहेत, एवढी खूण आपल्या भाषेनं जपून ठेवली आहे.

आता पहिल्या वर्गात जाऊ.

कोरियन साहित्याच्या वर्गावर सावली असते ती 'सुनुंग' या परीक्षेची. ही विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा १९९३पासून चालू आहे. ती नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी असते. कोरियन भाषेचा पेपर ८० मिनिटांत ४५ प्रश्नांचा, आणि प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. कवितेवरच्या प्रश्नांत बरेचदा खाली एक चौकट असते, तिला म्हणतात 'बोगी'. आपल्या रेल्वेच्या बोगीशी तिचा संबंध नाही. शब्दाचा व्यवहारातला अर्थ नमुना, आणि मुळातला अर्थ 'पाहणं'. आमच्या विषयात त्याला 'दर्शन' म्हणतात! तर या चौकटीत कवितेकडे कोणत्या दृष्टीनं पाहायचं ते लिहिलेलं असतं, आणि प्रश्न असा, की या दृष्टीनं केलेल्या पुढच्या आस्वादांपैकी कोणता योग्य नाही. दर्शन तयार, आस्वाद तयार. विद्यार्थ्यानं फक्त नासका आंबा बाजूला काढायचा.

बारकावा बघा. परीक्षा म्हणते, आम्ही पाठांतर तपासत नाही, विचारशक्ती तपासतो. ते खोटं नाही. चौकट वाचून पाच विधानं तिच्याशी ताडून बघायला चांगलीच बुद्धी लागते. पण ती चौकटीच्या आतली बुद्धी. चौकट कुणी लिहिली, दुसरी लिहिता आली असती का, कविता त्या चौकटीला कुठे धक्का देते, हे विचारायला जागाच नाही. तयार रसग्रहणाच्या मुद्द्यांची इथे ज्यांना आठवण झाली, त्यांनी ती मनात ठेवावी. आज आपण कोरियातच राहू.

चोई सुंग-हो हे कोरियातले नामवंत कवी. त्यांच्या कवितेवर परीक्षेच्या धर्तीचे प्रश्न निघाले होते. ते त्यांनी स्वतः सोडवून बघितले आणि त्यांची उत्तरं चुकली. हे त्यांनी २००९च्या सुमारास जाहीरपणे सांगितलं, आणि तिकडे त्यावर बरीच चर्चा झाली. आपण हे ऐकून हसतो. पण हसण्यावर थांबलो तर आपलीही चूक होईल. कवीला आपल्या कवितेचा अर्थ सगळ्यांत जास्त कळतो, असं कुठे आहे? कवी हा आप्त, म्हणून त्याचंच उत्तर बरोबर, हे म्हणणं म्हणजे एक चौकट काढून दुसरी बसवणं. खरी अडचण वेगळी आहे. 'बरोबर' या शब्दाचा मालक कोण, हा प्रश्न त्या वर्गात कधी विचारला जात नाही.

तो विचारला की काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो. दो जोंग-ह्वान हे कवी, आणि पेशानं शिक्षक. १९८९मध्ये कोरियात शिक्षकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, सरकारनं ती बेकायदा ठरवली आणि सुमारे दीड हजार शिक्षकांना कामावरून काढलं. त्यांत हे होते. पुढे त्यांच्या कविता शालेय पुस्तकांत आल्या, पोरं त्या वाचू लागली. २०१२मध्ये ते संसदेत निवडून गेले. लगेच जुलैमध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापन पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, जी सुनुंगही घेते, प्रकाशकांना सुचवलं, की यांच्या कविता पुस्तकांतून काढा. कारण राजकीय तटस्थता. लेखकमंडळी खवळली. निवडणूक आयोगानं सांगितलं, यात निवडणूक कायद्याचा भंग नाही. सूचना मागे घेतली गेली. आता तुम्हीच बघा, कवितेतला एक शब्द बदलला नव्हता. बदलली होती फक्त कवीची खुर्ची. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या कवितेचा 'अर्थ' कवितेबाहेरही कुठेतरी ठरत असतो. चौथ्या भूमिकेतला वाचक तिथेच बोट ठेवतो.

याहून जुनं उदाहरण म्हणजे गाळलेल्या नावांचं. फाळणीनंतर जे लेखक उत्तरेत गेले, नेले गेले किंवा तिथेच राहिले, त्यांची पुस्तकं दक्षिणेत बंद होती. जंग जी-योंगसारखा थोर कवी, किम गी-रिमसारखा आधुनिक कवी-समीक्षक, बेक सक. त्यांचा उल्लेख करायचाच झाला तर नावातलं एक अक्षर गाळून तिथे गोल काढायचे. १९८८मध्ये ही बंदी उठली. आज बेक सकची कविता कोरियन मुलांना चांगली परिचयाची आहे. आम्हाला विचाराल तर चिकित्सक वाचनाचा पहिला धडा या गोलापासून सुरू व्हावा. बंदी उठण्याआधीचा एक कवितासंग्रह घ्या आणि नंतरचा एक घ्या. दोन्हींच्या अनुक्रमणिका फळ्यावर लिहा. मुलांना एवढंच विचारा: पहिल्या यादीत कोण नाही? आणि आज आपल्या पुस्तकाच्या यादीत कोण नसेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाकडेही नसतं. खरा वर्ग तिथे सुरू होतो.

आता दुसऱ्या वर्गात जाऊ, इंग्रजीच्या.

सुनुंगमध्ये इंग्रजीचा पेपर ७० मिनिटांचा, त्यात ४५ प्रश्न, त्यांतले १७ ऐकण्याचे. ते ध्वनिमुद्रण चालू असताना देशभरात विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात, की मुलांना आवाजाचा त्रास होऊ नये. एवढा मान जगात कुठल्या परक्या भाषेला मिळत असेल! प्राथमिक शाळेत इंग्रजी १९९७मध्ये तिसरीपासून सुरू झालं. त्याच्या मागेपुढे खासगी शिकवण्या, ज्यांना तिकडे हागवॉन म्हणतात, त्या आहेतच. सोलमध्ये या शिकवण्या रात्री दहाला बंद करण्याचा नियम करावा लागला, यावरून कल्पना यावी.

या वर्गात अर्थ ठरलेला नसतो, कारण अर्थाची कुणाला गरजच नसते. साहित्याच्या पेपरात कवीचं नाव तरी असतं. इंग्रजीच्या पेपरातले उतारे बिनबापाचे. ते बहुधा कुठल्यातरी वैचारिक पुस्तकातून उचललेले, मागचं-पुढचं कापलेलं, लेखकाचं नाव नाही, वर्ष नाही, पुस्तक नाही. मधला एक तुकडा गाळायचा आणि विचारायचं, रिकाम्या जागी काय येईल? अहो, पण लेखक कोण, तो हे कुणाला सांगतोय, त्याचा विरोधक काय म्हणाला असता? आमच्या शास्त्रात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नाही. इथे पूर्वपक्ष कात्रीनं कापला गेला आहे. राहिलं ते नुसतं वाक्य. ज्याचा वक्ताच नाही, त्याचा आप्तपणा तपासणार कसा?

याचं टोक बघायचं तर ईबीएसच्या पुस्तकांचा इतिहास बघावा. ईबीएस ही तिथली सरकारी शैक्षणिक वाहिनी. गरीब मुलांना महागड्या शिकवण्यांवाचून परीक्षा देता यावी म्हणून तिच्या पुस्तकांशी सुनुंगची सांगड घातली. हेतू चांगलाच होता. पण पुस्तकातले इंग्रजी उतारे परीक्षेत येतात म्हटल्यावर मुलांनी काय केलं? त्या उताऱ्यांची कोरियन भाषांतरं पाठ केली! इंग्रजी न वाचता इंग्रजीचा पेपर. मुलांना दोष देऊ नका, त्यांनी व्यवस्थेचं अगदी अचूक वाचन केलं होतं. शेवटी इंग्रजीत उतारे जसेच्या तसे घेणं सोडून द्यावं लागलं.

आणि इंग्रजी कुणाचं, हा प्रश्न? त्याचं उत्तर वर्गाबाहेर, व्हिसाच्या नियमात लिहिलेलं आहे. परदेशी इंग्रजी शिक्षकांना जो नेहमीचा व्हिसा मिळतो, तो सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. म्हणजे 'मातृभाषा इंग्रजी' याचा पुरावा जीभ देत नाही, पासपोर्ट देतो. इथे आपला थोडा संबंध येतो. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१०पासून अमलात आला, आणि त्यात ठरावीक पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जायची वाट ठेवली. पुण्या-नाशकाचा बीएड झालेला शिक्षक तिथे जाऊ शकतो. नेहमीच्या दारानं नव्हे, करारानं उघडलेल्या बाजूच्या दारानं. आमचं म्हणणं, हा नियमच इंग्रजीच्या वर्गात वाचायला द्यावा. त्याचं इंग्रजी सोपं आहे आणि तो मुलांच्या रोजच्या आयुष्यातला आहे. शिवाय त्यातला प्रत्येक शब्द विचारतो, की 'आम्ही ही भाषा कुणाची म्हणून शिकतोय?'

दोन वर्ग बघून झाले. आता निदान. साहित्याच्या वर्गात मजकूर इतका पवित्र, की त्याला प्रश्न विचारता येत नाही. इंग्रजीच्या वर्गात तो इतका पोकळ, की त्याला प्रश्न विचारावासा वाटत नाही. एकात देवघर, दुसऱ्यात अवजारांची पेटी. तोच विद्यार्थी देवघरातून निघतो आणि अवजारांच्या खोलीत जातो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा चौथा वाचक दाराबाहेर चपलांपाशी बसून राहतो.

पण आम्हीच पूर्वपक्ष कापला तर कसं चालेल? तो नीट मांडू. कोरियातले जाणते शिक्षक तीन गोष्टी सांगतात.

पहिली, न्यायाची. पाच पर्यायांची परीक्षा कोरडी असेल, पण ती श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर ओळखत नाही. मोकळी उत्तरं तपासायला बसलात की वशिला आणि महाग शिकवणी आत शिरते. हा मुद्दा वजनदार आहे. आम्ही तो खोडणार नाही. एवढंच म्हणू, की परीक्षेला जे मोजता येत नाही ते वर्गानंही शिकवू नये, असं यातून निघत नाही. तराजूत मावत नाही म्हणून घरात हवा घ्यायची नाही, असं कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट पायाची. आधी शब्द तर कळू देत, मग चिकित्सा. २०२२मध्ये तिथे एक गंमत झाली. एका ठिकाणी ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल माफीचा मजकूर लावला होता, त्यात 'सिमसिमहान' माफी असा शब्द होता. म्हणजे अत्यंत मनापासूनची. पण हुबेहूब तसाच उच्चार असलेला दुसरा एक रोजचा शब्द आहे, त्याचा अर्थ कंटाळवाणा. काही तरुण चिडले, की ही काय कंटाळलेल्या मनानं मागितलेली माफी! मग थोरामोठ्यांनी तरुणांच्या अडाणीपणावर ताशेरे झोडले. देशभर शब्दसंपत्तीची चर्चा झाली. आता ही माफी पुरेशी होती का, गैरसोय कुणाची झाली होती, हे कुणी विचारलं? फारसं नाही. शब्द कळणाऱ्यांनी शब्दापाशीच मुक्काम केला.

आणि 'आधी पाया, मग चिकित्सा' या क्रमालाच ज्यानं आपल्या आयुष्यानं उत्तर दिलं, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

जॉन ते-इल. जन्म १९४८. सोलच्या प्यंगह्वा बाजारात, म्हणजे नावाचा अर्थ 'शांतता बाजार', शिवणकाम करणारा पोरगा. शाळा जेमतेम. आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, डोकं वर करता येत नाही अशा ठेंगण्या माळ्यांवर, दिवसाला चौदा-चौदा तास काम, छातीत धूळ. त्याला वडिलांकडून कळलं, की कामगारांसाठी कायदा आहे. होताच, १९५३पासून होता. त्यानं त्या कायद्यावरचं पुस्तक मिळवलं आणि उघडून बघतो तो पानभर चिनी अक्षरं! राजा सेजोंगनं १४४६मध्ये सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून हांगुल लिपी जाहीर केली. पाचशे वर्षांनंतर कामगाराच्या हिताचा कायदा कामगाराला न वाचता येणाऱ्या अक्षरांत छापलेला होता. आपल्याला एखादा विद्यापीठात शिकणारा मित्र असता तर, अशी त्याची हळहळ कोरियात सर्वांना ठाऊक आहे.

तरी तो वाचत राहिला. १९६९मध्ये त्यानं मित्रांचं एक मंडळ काढलं, त्याचं नाव 'मूर्खांचं मंडळ'. कायदा असून आपल्याला ठाऊक नव्हता, म्हणून आपण मूर्ख. त्यानं कामगारांमध्ये वाटायला प्रश्नावल्या तयार केल्या: तास किती, सुट्ट्या किती, आजार कोणते. अधिकाऱ्यांकडे अर्ज केले. काही झालं नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःला जाळून घेतलं, आणि त्या वेळी कामगार कायद्याचं पुस्तकही त्या आगीत होतं.

मित्रहो, या मृत्यूचं आम्ही उदात्तीकरण करत नाही. बाविसाव्या वर्षी माणूस जगायला हवा. पण त्याच्या वाचनाकडे बघा. अक्षरं येत नव्हती तेव्हाच त्याला चौथा प्रश्न पडला होता: हा कायदा कुणासाठी लिहिलाय? त्या प्रश्नापायी तो अक्षरांशी झुंजला. पाया आधी आणि चिकित्सा नंतर, असा क्रम नसतो. बरेचदा चिकित्साच पाया खणायला लावते. आणि तो वाचून थांबला नाही, त्यानं प्रश्नावली लिहिली. म्हणजे दुसऱ्याचा मजकूर तपासता तपासता स्वतःचा मजकूर तयार केला. चिकित्सक साक्षरतेवरचा याहून मोठा ग्रंथ आम्हाला माहीत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्या तटस्थतेची. वर्गात चिकित्सा आणली की शिक्षकाचं राजकारण मुलांवर लादलं जाईल, अशी भीती आहे. दीड हजार शिक्षकांच्या नोकऱ्या जिथे गेल्या, तिथे ही भीती हवेतली नाही. आणि इथे आम्हाला चिकित्सक साक्षरतेच्या पुरस्कर्त्यांवरही टीका करायची आहे, दुसऱ्या अर्थानं.

किम सू-यंग यांची 'गवत' नावाची कविता आहे. १९६८ची, मृत्यूच्या थोडं आधी लिहिलेली. गवत आहे, वारा आहे. हुकूमशाहीच्या काळात लोकांनी तिचा अर्थ लावला: गवत म्हणजे जनता, वारा म्हणजे सत्ता. त्या काळी हे वाचन धाडसाचं होतं. आज काय झालंय? तेच वाचन समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं जातं. गवत बरोबर जनता, वारा बरोबर सत्ता. पुढचा शब्द सांगा. म्हणजे कालची चिकित्सा आजची बोगी झाली! आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. चिकित्सक उत्तरसुद्धा पाठ करता येतं. 'या कथेत स्त्रीवर अन्याय आहे', 'या उताऱ्यात सत्तेचा आवाज आहे', ही वाक्यं पोरं आठवड्याभरात शिकतात आणि शिक्षकाला खूश करतात. म्हणून शिक्षकानं स्वतःचं चिकित्सक मत मुलांना देणं ही चिकित्सा नव्हे, ती आप्ताची अदलाबदल आहे. पाठ करता येत नाही ती एकच गोष्ट, त्या उत्तरापर्यंत स्वतः चालत जाणं. तटस्थतेच्या भीतीलाही हेच उत्तर आहे. शिक्षकानं मत लपवू नये, पण ते शेवटी सांगावं, आणि इतरांच्या मतासारखंच ते फळ्यावर तपासायला ठेवावं.

म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? आमच्या मनातला एक धडा सांगतो, आणि तो दोन्ही वर्गांत मिळून घ्यायचा आहे.

कोरियनमध्ये 'उरी' असा शब्द आहे. अर्थ आम्ही, आपण, आमचं, आपलं. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणायला सहसा 'उरी' आई म्हणतो, एकुलता एक असला तरी. देशाला 'उरी' देश. गोड शब्द आहे. साहित्याच्या वर्गात पाठ्यपुस्तकातला असा एखादा उतारा घ्या, ज्यात हा शब्द चारपाचदा येतो. मग इंग्रजीच्या वर्गात मुलांना त्याचं भाषांतर करायला सांगा. लगेच अडखळायला होईल. इथे 'माझं' लिहू की 'आमचं'? या ठिकाणच्या 'उरी'त कोण कोण आहे? ज्याची आई व्हिएतनामहून आली तो शेजारच्या बाकावरचा मुलगा आहे का? तिथल्या शाळांत 'एका रक्ताचं राष्ट्र' हा विचार बराच काळ शिकवला गेला. २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविषयक समितीनं या एकरक्ताच्या आग्रहाबद्दल काळजी व्यक्त केली, आणि पुढे पाठ्यपुस्तकांची भाषा बदलू लागली. हे शिक्षकानं भाषण देऊन सांगायची गरज नाही. भाषांतर करताना मुलांच्या पेन्सिली आपोआप तिथे थबकतील. मातृभाषेत जो शब्द इतका जवळ, की दिसत नाही, तो परक्या भाषेत नेताना दिसायला लागतो. आणि जी परकी भाषा नुसतं अवजार होती, तिच्यात पहिल्यांदा आपल्या जिवाचा प्रश्न येतो. दोन वर्गांना एकमेकांची गरज आहे ती अशी.

हान कांग यांची 'शाकाहारी' ही कादंबरी २००७ची. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१६चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि मागोमाग त्यातल्या चुकांवर वाद झाला. तो वाद म्हणजे असाच तयार धडा आहे. अनुवादात कुणाचा आवाज वाढला, कुणाचा दबला, हे दोन्ही पानं शेजारी ठेवून मुलांना बघता येईल. आम्ही हे साहित्य इंग्रजीतूनच वाचलं आहे, त्यामुळे आमच्यापेक्षा कोरियन पोरं या बाबतीत भाग्यवान.

जाता जाता आमच्याबद्दल. तासभर आम्ही 'आम्ही, आम्ही' म्हणत आहोत. जुन्या प्राध्यापकांची खोड. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आपण'मध्ये समोरचा असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. कोरियन 'उरी'ला आणि इंग्रजी शब्दाला हा भेद नुसता शब्दात दाखवता येत नाही, आपल्याला येतो. मग आम्ही एकटे असून 'आम्ही' म्हणतो तेव्हा कुणाच्या वतीनं बोलतो? शास्त्राच्या? वयाच्या? तुम्हाला बाहेर ठेवून आप्तपण मिरवायचा हा एक मार्ग तर नव्हे? ही खोड या वयात सुटेलसं वाटत नाही. पण ती तुम्ही पकडावी, अशी इच्छा आहे.

मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर आता आमच्यापुरतं असं: आप्त ओळखण्याची कसोटी शिकवता येत नाही, पण आप्ताला प्रश्न विचारायची सवय लावता येते. जो आप्त त्या प्रश्नांनी चिडत नाही, त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

प्रश्न विचारा. आज वेळ आहे.